७६ म्हणजे काय? असेंब्ली भाषेची ओळख, ८०८५च्या निमित्तानं

महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेल्या बऱ्याच जणांनी ‘८०८५चं किट’ हाताळलेलं असतं. हिरव्या बोर्डावर सोळा आकडी-अक्षरी बटणं, शेजारी दोन-चार कामाची बटणं, वर लाल अंकांच्या सहा खिडक्या. त्यातल्या चार पत्त्यासाठी, दोन डेटासाठी. ऑपकोडचा, म्हणजे सूचनांच्या आकड्यांचा, तक्ता समोर ठेवायचा, आकडे दाबायचे, उत्तर जर्नलमध्ये उतरवायचं आणि ओरलला एक्स्टर्नलनं भलतंच काही विचारू नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं. विषय पास होण्यापुरता केला जातो आणि ‘असेंब्ली म्हणजे फार किचकट’ एवढंच मनात राहतं.

माझ्या मते हा शिक्का चुकीचा आहे. भाषा म्हणून असेंब्ली फारच छोटी आहे. तिच्यात शिकण्यासारखं व्याकरण जवळजवळ नाहीच. अडचण वेगळीच आहे. आपण लिहिलेल्या कशाचाही अर्थ यंत्राला कळत नाही आणि इतर भाषा ही गोष्ट आपल्यापासून झाकून ठेवतात. असेंब्ली झाकत नाही. इथे सगळा अर्थ लिहिणाऱ्यानं स्वतःच्या डोक्यात सांभाळायचा असतो. ते कसं, हे ८०८५वरच पाहू. चिप जुनी आहे, पण आत चाललेलं सगळं नजरेच्या टप्प्यात राहावं इतकी साधी आहे.

चिपला काय येतं

इंटेलनं ८०८५ बाजारात आणला तो १९७६ साली. चाळीस पायांची चिप, आत सुमारे ६,५०० ट्रान्झिस्टर. तिच्या आधीच्या ८०८० या चिपला तीन वेगवेगळे व्होल्टेज पुरवावे लागत. हिला एकच, पाच व्होल्टचा पुरवठा पुरतो आणि नावातला शेवटचा पाच त्याचीच खूण आहे. ओरलमधला हा हमखास प्रश्न.

या चिपमध्ये रजिस्टर नावाच्या मोजक्या जागा आहेत. प्रत्येकीत आठ बिट मावतात, म्हणजे ० ते २५५ यांतली एक संख्या. त्यांतलं ‘ए’ म्हणजे ॲक्युम्युलेटर, कारण बहुतेक हिशेब त्यातच होतात. बाकीची बी, सी, डी, ई, एच आणि एल. एच आणि एल जोडीनं वापरली की सोळा बिटांचा पत्ता तयार होतो आणि त्या पत्त्यावरच्या मेमरीच्या घराला ‘एम’ म्हणतात. याखेरीज पुढची सूचना कुठे आहे हे सांगणारा प्रोग्रॅम काउंटर, स्टॅक पॉइंटर आणि आधीच्या क्रियेचं उत्तर कसं आलं हे सांगणाऱ्या एकेका बिटाच्या पाच खुणा, म्हणजे फ्लॅग. चिपबाहेर मेमरी, जास्तीत जास्त ६५,५३६ घरांची.

यावर करता येणारी कामंही तशीच मोजकी: इकडचा आकडा तिकडे नेणं, बेरीज, वजाबाकी, तुलना, बिटांवरच्या तार्किक क्रिया, आणि ‘आता अमुक पत्त्यावर जा’. गुणाकार नाही. भागाकार नाही. पाच गुणिले सात हवे असतील तर बेरीज करत बसा.

नऊ बाइटचा प्रोग्रॅम

पाच अधिक तीन. इंटेलच्या स्वतःच्या एसडीके-८५ या किटवर वापरायची मेमरी २००० या पत्त्यापासून सुरू होते, म्हणून तिथूनच लिहू. हे सगळे आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे: नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ आणि मग १०.

२०००: ३ई ०५ – एमव्हीआय ए, ०५
२००२: ०६ ०३ – एमव्हीआय बी, ०३
२००४: ८० – ॲड बी
२००५: ३२ ५० २० – एसटीए २०५०
२००८: ७६ – एचएलटी

उजवीकडे आहे ती असेंब्ली भाषा. ‘ए’मध्ये ०५ ठेव, ‘बी’मध्ये ०३ ठेव, ‘बी’ हा ‘ए’मध्ये मिळव, ‘ए’मधलं उत्तर २०५० या घरात ठेव, थांब. मधले आकडे म्हणजे मशीन कोड. चिपला फक्त तेवढेच दिसतात. उजवीकडचे शब्द माणसाच्या सोयीचे. असेंब्लीची एक ओळ म्हणजे यंत्राची एक सूचना, इतका हा सरळ व्यवहार आहे. प्रोग्रॅम चालवून २०५० उघडलं की डेटाच्या खिडकीत ०८ दिसतात. किटवरच्या ३.०७२ मेगाहर्ट्झच्या घड्याळाप्रमाणे या पाच सूचनांना ३६ ठोके लागतात, म्हणजे बारा मायक्रोसेकंदांच्या आत काम संपतं. ती बटणं दाबायला मात्र मिनिट जातं.

चौथ्या ओळीकडे नीट पाहा. पत्ता २०५०, पण मेमरीत तो ५० २० असा उलटा गेला आहे. इंटेलची ही पद्धत आधी खालचा बाइट आणि मग वरचा बाइट ठेवते. प्रॅक्टिकलला ‘सर, उत्तरच येत नाही’ अशी तक्रार आली की अनुभवी लॅब असिस्टंट आधी हेच तपासतो, कारण ३२ २० ५० असं भरलं तर उत्तर २०५०ऐवजी ५०२० कडे जातं आणि तिथे बहुधा मेमरीच बसवलेली नसते. चिप कुरकुर करत नाही. तिनं सांगितल्या पत्त्यावर आकडा पाठवलेला असतो.

ऑपकोड पाठ का करावे लागत नाहीत

ऑपकोडचा तक्ता पाहून धडकी भरते. आठ बिटांत २५६ आकडे शक्य आहेत आणि इंटेलनं त्यांतले २४६ ऑपकोड म्हणून जाहीर केले. पण हे आकडे चिठ्ठ्या टाकून काढलेले नाहीत. त्यांच्या मागे एक सुरेख रचना आहे आणि ती वर्गात क्वचितच सांगितली जाते.

प्रत्येक रजिस्टरला तीन बिटांचा क्रमांक आहे: बी ०००, सी ००१, डी ०१०, ई ०११, एच १००, एल १०१, एम ११० आणि ए १११. आता एका रजिस्टरमधून दुसऱ्यात नेण्याची ‘मूव्ह’ ही सूचना घ्या. तिचे पहिले दोन बिट ०१. पुढचे तीन बिट ‘कुठे न्यायचं’ त्याचे, शेवटचे तीन ‘कुठून न्यायचं’ त्याचे. बीमधून एमध्ये न्यायचं तर ०१ १११ ०००. चार-चारचे गट केले की ०१११ १०००, म्हणजे हेक्समध्ये ७८. तक्ता न उघडता ऑपकोड हातात. बेरजेच्या ‘ॲड’चे पहिले पाच बिट १००००, पुढे रजिस्टर. म्हणून ‘ॲड बी’ ८०, ‘ॲड सी’ ८१ आणि ‘ॲड ए’ ८७.

याच नियमानं ‘मूव्ह एम, एम’ लिहून पाहा. मेमरीच्या घरातला आकडा त्याच घरात ठेव: ०१ ११० ११०, म्हणजे ०१११ ०११०, म्हणजे ७६. ही सूचना निरर्थक आहे, त्यातून काहीच साधत नाही. मग तो मोकळा आकडा रचनाकारांनी ‘थांब’ या सूचनेला देऊन टाकला. आपल्या प्रोग्रॅमच्या शेवटी असलेला ७६ तो हाच. एका वाया जाणाऱ्या खोक्यातून हॉल्ट निघाला, हे मला संपूर्ण तक्त्यातलं सर्वांत आवडतं ठिकाण आहे.

आकडा एक, अर्थ अनेक

मेमरीच्या एखाद्या घरात ७६ आहे. हा हॉल्ट आहे का? तो साध्या मोजणीतला ११८ असू शकतो. अक्षरांच्या आस्की तक्त्यात ७६ म्हणजे इंग्रजी छोटं व्ही, तेही असू शकतं. घराकडे नुसतं पाहून सांगता येत नाही. प्रोग्रॅम काउंटर फिरत फिरत त्या घरावर आला तर ती सूचना, बेरजेत घेतलं तर संख्या, छपाईयंत्राकडे पाठवलं तर अक्षर.

म्हणूनच हॉल्ट विसरला तर गंमत होते. आपल्या दृष्टीनं प्रोग्रॅम २००८च्या आधीच संपलेला असतो, पण चिपला ‘संपणं’ ठाऊकच नाही. ती पुढच्या घराकडे जाते. तिथे किट चालू होताना पडलेला कचरा असतो. मेमरी कधी रिकामी नसते, काही ना काही आकडा असतोच, आणि चिप तो सूचना समजून इमानेइतबारे पाळत सुटते. वाटेत एफएफ आला तर ती ००३८ या पत्त्यावर उडी मारते, कारण एफएफ ही ‘आरएसटी ७’ नावाची खरीखुरी सूचना आहे. अशा भटकंतीत आपलाच डेटा खोडला जाण्याची पुरेपूर शक्यता.

ऋण संख्यांचं तर आणखी मजेदार. एफबी म्हणजे २५१. पण टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीनं वाचलं तर तेच उणे पाच. आता ‘ए’मध्ये एफबी आणि ‘बी’मध्ये ०३ ठेवून ‘सीएमपी बी’ ही तुलनेची सूचना चालवा. चिप मनातल्या मनात वजाबाकी करते, उत्तर एफ८ येतं, ते ती फेकून देते आणि फक्त फ्लॅग लावते. उसना घ्यावा लागला नाही म्हणून कॅरी फ्लॅग शून्य. उत्तराचा सर्वांत डावा बिट एक आहे म्हणून साइन फ्लॅग एक. म्हणजे कोण मोठं? ‘जेसी’ लिहून कॅरी पाहिलात तर उडी पडणार नाही: २५१ हे तीनपेक्षा लहान नाहीत. ‘जेएम’ लिहून साइन पाहिलात तर उडी पडेल: उणे पाच हे तीनपेक्षा लहान आहेत. वजाबाकी एकच, दोन्ही उत्तरं बरोबर. कुठला फ्लॅग विचारायचा ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं. सी किंवा जावामध्ये व्हेरिएबलचा प्रकार आधी जाहीर करायला लावतात तो याचसाठी: मग हा निर्णय कंपायलर घेतो.

फ्लॅग आणि उड्या

‘जर’, ‘तोपर्यंत’, ‘दहा वेळा’ असलं काही असेंब्लीत नाही. आहे ते एवढंच: आधीच्या क्रियेनं लावलेला फ्लॅग पाहा आणि उडी मारा किंवा मारू नका. लूपचा नेहमीचा साचा असा. ‘सी’मध्ये दहा ठेवा, काम करा, ‘डीसीआर सी’नं एक कमी करा, शून्य झालं नसेल तर ‘जेएनझेड’नं मागे जा.

यात एक खाच आहे. मोठा लूप हवा म्हणून बी आणि सी यांची जोडी वापरली तर कमी करायची सूचना ‘डीसीएक्स बी’. ती सोळा बिट कमी करते, पण एकाही फ्लॅगला हात लावत नाही. तिच्यामागे सरळ ‘जेएनझेड’ लिहिलं तर आधी कधीतरी लागलेला शिळा फ्लॅग वाचला जातो: लूप पहिल्याच फेरीत सुटतो किंवा कधीच सुटत नाही. म्हणून मध्ये दोन ओळी घालतात, ‘मूव्ह ए, बी’ आणि ‘ओआरए सी’. दोन्ही अर्धे शून्य असतील तरच त्यांचा ‘ऑर’ शून्य येतो.

हाच लूप वेळ काढायलाही वापरतात. स्टेपर मोटर किंवा ट्रॅफिक सिग्नलच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘डिले’ लिहायचा असतो. प्रत्येक सूचनेला किती ठोके लागतात हे ठरलेलं आहे: डीसीएक्सला ६, मूव्हला ४, ओआरएला ४, उडी पडली तर जेएनझेडला १०. एका फेरीला २४. एफएफएफएफपासून, म्हणजे ६५,५३५पासून मोजत आलं की सुमारे १५,७२,८४० ठोके आणि ३.०७२ मेगाहर्ट्झला ते होतात जवळजवळ ०.५१ सेकंद. कागदावर काढलेली वेळ आणि बोर्डावर दिसलेली वेळ जुळते. आजच्या लॅपटॉपमधल्या प्रोसेसरवर हा हिशेब चालत नाही. तो सूचना मागेपुढे करून चालवतो, उडी पडेल की नाही याचा अंदाज बांधून आधीच कामाला लागतो, आणि हवा तो डेटा कॅशमध्ये आहे की लांबच्या मेमरीत यावर वेळ शेकडो ठोक्यांनी बदलू शकते.

असेंब्लर काय करतो

किटवर आपण जे केलं, शब्द लिहून तक्त्यातून आकडे काढले, त्याला हँड असेंब्ली म्हणतात. ते काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे असेंब्लर. शब्दाजागी आकडा घालणं हा त्याचा सोपा भाग. खरा उपयोग पत्त्यांचा. समजा पन्नास ओळींच्या प्रोग्रॅममध्ये दहाव्या ओळीनंतर एक ओळ राहिली. ती घुसवली की पुढचे सगळे पत्ते सरकतात आणि त्यांच्याकडे जाणारी प्रत्येक उडी चुकते. अनुभवी लोक म्हणून मध्ये मध्ये ‘नॉप’, म्हणजे ००, ही काहीच न करणारी सूचना पेरून ठेवत, पुढेमागे जागा लागली तर असावी म्हणून.

असेंब्लरमध्ये पत्त्याऐवजी ‘लूप’, ‘शेवट’ अशी नावं देता येतात. पण पुढे येणाऱ्या नावाकडे उडी असेल तर? त्याचा पत्ता अजून ठरलेला नसतो. म्हणून साधारण असेंब्लर प्रोग्रॅम दोनदा वाचतो. पहिल्या वाचनात कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर पडलं याची यादी, दुसऱ्यात प्रत्यक्ष आकडे.

ही कल्पना संगणकाइतकीच जुनी. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात एआरसी या संगणकावर काम करणाऱ्या कॅथलीन बूथ यांना असेंब्ली भाषेच्या सुरुवातीचं श्रेय दिलं जातं. ते काम १९४७च्या सुमाराचं. केंब्रिजचा एडसॅक मे १९४९मध्ये चालू झाला. त्याच्या सूचना एकेका अक्षरानं लिहीत, ‘ए’ म्हणजे मिळव, ‘एस’ म्हणजे वजा कर. ही अक्षरं कागदी पट्टीवरून वाचून यंत्राच्या आकड्यांत बदलणारा छोटा प्रोग्रॅम डेव्हिड व्हीलर यांनी रचला होता. सूचना फक्त एकतीस! आजच्या कुठल्याही ॲपच्या स्वागतपडद्याला याहून जास्त लागत असतील.

चिप बदलली की भाषा बदलते

असेंब्ली ही एक भाषा नव्हे. ८०८५साठीचा वरचा प्रोग्रॅम तुमच्या मोबाइलमधल्या आर्म प्रोसेसरला कळणार नाही, आणि आर्मचा लॅपटॉपमधल्या इंटेलला नाही. सवयीही वेगळ्या. ८०८५मध्ये आठ बिटांची बेरीज म्हटली की ती ‘ए’मध्येच. रिस्क-फाइव्ह या रचनेत, जी बर्कली विद्यापीठात २०१० साली सुरू झाली, बेरजेला तीन रजिस्टर सांगायची: या दोघांची बेरीज त्या तिसऱ्यात. तिथल्या मूळ संचातही गुणाकार नाही, तो वेगळी जोड म्हणून येतो. ही रचना कुणालाही परवाना-शुल्क न देता वापरता येते आणि भारतातले आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ हे प्रोसेसर तिच्यावरच बेतलेले आहेत.

आज कोण लिहितं

फार थोडे लोक, आणि तेही थोडं थोडं. एके काळी मात्र सगळंच यात लिहिलं जाई. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या यानाच्या संगणकात कायमच्या मेमरीचे ३६,८६४ शब्द होते आणि बदलत्या मेमरीचे अवघे २,०४८. एवढ्यात बसायचं तर असेंब्लीला पर्याय नव्हता. युनिक्सही आधी असेंब्लीत होतं. १९७३मध्ये त्याचा गाभा सी भाषेत नव्यानं लिहिला गेला आणि मग ते एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणं शक्य झालं. ख्रिस सॉयर यांनी १९९९चा ‘रोलरकोस्टर टायकून’ हा गेम जवळजवळ पूर्ण असेंब्लीत लिहिला, पण तोवर ती हौसच म्हणायची. ‘असेंब्ली म्हणजे वेग’ हे समीकरण आता सरसकट खरं नाही. चांगला कंपायलर बहुतेकांपेक्षा चांगली असेंब्ली लिहितो.

तरी काही जागा उरतात. एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे वळताना ऑपरेटिंग सिस्टिमला सगळी रजिस्टर जपून ठेवावी लागतात. सी भाषेत रजिस्टरचं नाव घेण्याची सोयच नाही, तेव्हा लिनक्सच्या गाभ्यातही तेवढ्या ओळी असेंब्लीत असतात. व्हिडिओ उलगडणाऱ्या एफएफएमपेग किंवा डेव्हिड या सॉफ्टवेअरमध्ये एका सूचनेत अनेक पिक्सेल हाताळणारी असेंब्ली हातानं लिहिलेली आहे, आणि तिथे कंपायलर खरोखर मागे पडतो. व्हायरसची चिरफाड करणाऱ्यांकडे मूळ प्रोग्रॅम नसतो, फक्त आकडे असतात. त्यांना असेंब्ली लिहायची नसली तरी वाचावीच लागते.

घरबसल्या पाहायचं असेल तर

किटची गरज नाही. ८०८५चे सिम्युलेटर फुकट मिळतात आणि त्यांत प्रत्येक सूचनेनंतर रजिस्टर आणि फ्लॅग बदलताना दिसतात. खरं किट एवढं दाखवत नाही. पण ज्याला थोडंफार सी येतं त्यानं, मी म्हणेन, दुसरी वाट धरावी: आपल्याच प्रोग्रॅमचं कंपायलरनं काय केलं ते वाचावं. मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२मध्ये सुरू केलेल्या ‘कंपायलर एक्सप्लोरर’ या संकेतस्थळावर डावीकडे सी लिहिलं की उजवीकडे असेंब्ली उमटते.

तिथे दिलेल्या संख्येला पाचानं गुणणारं एक ओळीचं फंक्शन लिहा, जीसीसी निवडा आणि ऑप्टिमायझेशन चालू करा. इंटेलच्या प्रोसेसरला गुणाकार येतो, तरी त्याची सूचना उजवीकडे दिसणार नाही. दिसेल ‘एलईए’. ती आहे मेमरीचा पत्ता काढण्यासाठी: एका रजिस्टरमध्ये दुसऱ्याची दुप्पट, चौपट किंवा आठपट मिळवून पत्ता तयार करते. कंपायलर दोन्हीकडे एकच रजिस्टर देतो, संख्या अधिक तिची चौपट, आणि ‘पत्ता’ म्हणून जे येतं ते असतं पाचपट. त्या पत्त्यावर कुणी जात नाही. मग पाचाच्या जागी सात घाला. सातासाठी अशी एका दमात होणारी बेरीज जमत नाही, तेव्हा जीसीसी आठपट करून मूळ संख्या एकदा वजा करतो.